काकांचं का ऐकायचं?

नागपुरात घरच्या घरी रेकॉर्डिंग करणाऱ्या मंडळींमध्ये एक वाद सारखा निघतो आणि दर वेळी भलत्याच जागी जाऊन अडकतो. वाद आहे जुन्या रेकॉर्डिस्टांबद्दल. टेपच्या काळापासून काम करत आलेली, कमी बोलणारी, स्वतःचं नाव कुठे न मिरवणारी ही माणसं. सगळे त्यांना ‘काका’ म्हणतात. त्यांच्या शब्दाला आज किती वजन द्यायचं? एक बाजू म्हणते, “काका म्हणाले ना भाऊ, मग झालं.” दुसरी म्हणते, “काका जुने झाले. कोणत्या मोठ्या गायकाचं काम आहे त्यांच्या नावावर? आता सगळं लॅपटॉपवर होऊन राहिलं, त्यातलं त्यांना काय कळते?” धरमपेठेत विचारा की नंदनवनात, हीच दोन वाक्यं ऐकू येतात. दोन्ही बाजू माणूस तोलतात. त्यानं काय सांगितलं, ते का सांगितलं आणि आपल्या खोलीत ते खरं ठरतं का, हे तोलायला कोणी बसत नाही.

माझी भूमिका आधीच सांगून टाकतो. या माणसांचं नाव मोठं आहे ते योग्यच आहे आणि ते टिकायला हवं. पण त्या नावाचा पाया त्यांच्या वयात नाही, अनुभवाच्या वर्षांत नाही, त्यांच्या साधेपणातही नाही. त्यांनी सांगितलेली गोष्ट नवशिक्याला स्वतःच्या खोलीत, स्वतःच्या माइकवर, अर्ध्या तासात करून पाहता येते, यात तो पाया आहे. रेकॉर्डिंगच्या धंद्यात सल्ल्यांचा पूर आलेला असताना असा सल्ला देणारा माणूस दुर्मीळ आहे. त्याला देव केलं तरी त्याचा उपयोग संपतो आणि अडगळीत टाकलं तरी संपतोच.

आधी त्यांच्या बोलण्याची रीत बघा, कारण तिच्यावरूनच सगळ्यांत जास्त गैरसमज होतात. नवीन पोरगा विचारतो, “काका, कोणता माइक घेऊ?” काका उत्तर देत नाहीत, उलट विचारतात: खोली केवढी आहे, छत किती उंच, गाणारा बसून गातो की उभ्यानं, कूलर कोणत्या खिडकीत आहे? पोराला वाटतं, हे टाळून राहिले. दुसरीकडे कोणीतरी छातीठोक सांगतो की अमुक माइक घे, आवाज उघडेल. छातीठोक सांगणाऱ्याचं ऐकलं जातं. खरं उत्तर मात्र काकांच्या प्रश्नांमध्येच असतं. दहा बाय बाराच्या, चुन्याच्या कोऱ्या भिंतींच्या खोलीत तोंड माइकपासून दीड फुटावर असेल, तर पाच हजारांचा माइक आणि पन्नास हजारांचा माइक दोघंही खोलीच रेकॉर्ड करणार. अंतर निम्मं केलं की थेट येणारा आवाज 6 डीबीनं (डेसिबल, आवाजाच्या पातळीचं माप) वाढतो आणि खोलीचा आवाज जवळपास तेवढाच राहतो. म्हणजे दीड फुटावरून नऊ इंचांवर येण्यानं जो फरक पडतो, तो माइक बदलून पडत नाही. ज्याला हे ठाऊक आहे तो माइकचं नाव सांगायला घाई कशाला करेल?

गादीचंच घ्या. विदर्भात घरोघरी कापसाची चार इंची गादी असते, आणि बहुतेक जुने रेकॉर्डिस्ट सांगतात ती गाणाऱ्याच्या पाठीमागे उभी करा. नवी मंडळी याला मागासलेपणा समजतात आणि माइकच्या मागे लावायची फोमची अर्धगोल ढाल विकत आणतात. आता विचार करा. आपण वापरतो तो माइक बहुधा कार्डिऑइड असतो. त्याला पुढचं ऐकू येतं आणि पाठीमागचं सगळ्यांत कमी. पुढे काय असतं? गाणाऱ्याचं तोंड आणि तोंडाच्या मागची भिंत. त्या भिंतीवरून परतणारा आवाज थेट माइकच्या कानात शिरतो. ढाल लावली जाते त्या बाजूला माइक आधीच बहिरा आहे. म्हणून पैसे खर्चून आणलेली ढाल जेवढं करत नाही, तेवढं घरची गादी करते. गाणाऱ्याच्या पाठीमागे फूटभर अंतर सोडून एक, आणि जमल्यास बाजूला तिरकी दुसरी. आधी गादीशिवाय एक कडवं रेकॉर्ड करा, मग गादी लावून तेच कडवं, आणि शब्द संपल्यानंतरचा अर्धा सेकंद ऐका. कोणाच्या सांगण्यावर विश्वास ठेवायची गरजच उरत नाही.

गादीची मर्यादाही हीच माणसं सांगतात. चार इंचांची गादी साधारण अडीचशे हर्ट्झच्या खाली फारसं काही शोषत नाही. खोलीची रुंदी दहा फूट आणि उंचीही दहा फूट असेल, तर 56 हर्ट्झला आणि त्याच्या दुपटीला, म्हणजे 112 हर्ट्झला, दोन्ही दिशांचे घुमारे, म्हणजे भिंतींमध्ये आपटून फुगणारे सूर, एकावर एक बसतात. 112 हा आकडा पुरुषी आवाजाच्या अगदी मंद्रात येतो. म्हणून गाण्यातला एखादाच सूर अचानक फुगतो, आणि पोरं तो सूर इक्वलायझरनं, म्हणजे सूरपट्टे कमी-जास्त करणाऱ्या साधनानं, कापत बसतात. हे 112 हर्ट्झचं फुगणं भिंतींलगत आणि खोलीच्या बरोबर मध्यभागी सर्वांत जास्त आणि पाव अंतरावर सर्वांत कमी असतं. दहा फुटांचा पाव म्हणजे भिंतीपासून अडीच फूट. आता “बसून गा” या जुन्या सल्ल्याकडे पुन्हा पाहा. मांडी घालून गायलं की तोंड आणि माइक जमिनीपासून अडीच-तीन फुटांवर येतात, उंचीच्या पावभागाजवळ. उभ्यानं गायलं की दोन्ही पाच फुटांवर, म्हणजे दहा फुटी उंचीच्या बरोबर मध्यावर. भजनी मंडळी बसून गातात ती परंपरा म्हणून, पण रेकॉर्डिस्ट त्यांना बसवूनच ठेवतो त्यामागे हे कारण आहे. त्याला कदाचित 112 हा आकडा सांगता येणार नाही. कानानं ते त्याला कधीच कळलेलं आहे.

आता समोरच्या बाजूचा सगळ्यांत भक्कम मुद्दा, आणि तो मला पूर्ण मान्य आहे. जुन्या माणसांचे काही सल्ले आज सरळ चुकीचे आहेत. “लेव्हल भरून घे, मीटर लालला टेकला पाहिजे” हा त्यातला पहिला. टेपवर तो बरोबर होता. चांगल्या व्यावसायिक टेपवरही सळसळ आणि कमाल पातळी यांत साधारण 60 ते 70 डीबीचं अंतर मिळायचं. लेव्हल कमी घेतली की गाण्याच्या शांत जागांमध्ये सळसळ वर यायची. शिवाय टेप थोडी जास्त भरली तर आवाज एकदम फाटत नसे, हळूहळू दबत असे. डिजिटलमध्ये शून्याच्या वर काहीही नाही. तिथे आवाज कापलाच जातो आणि तो परत मिळत नाही. 24 बिटमध्ये कागदावर 144 डीबी जागा आहे. घरगुती इंटरफेस, म्हणजे माइक लॅपटॉपला जोडणारे डबे, प्रत्यक्षात शंभर-एकशेदहाच्या आसपास देतात, तरी ती टेपपेक्षा कितीतरी जास्त. आपल्या खोलीतला पंखा, रस्ता आणि शेजारचा टीव्ही यांचा आवाज इंटरफेसच्या स्वतःच्या आवाजापेक्षा कितीतरी वर असतो. म्हणून गायनाची सरासरी उणे 18 डीबीच्या आसपास आणि शिखरं उणे 10 पर्यंत ठेवली तर काहीही बिघडत नाही. हेही करून पाहता येतं. एकच ओळ दोन वेगवेगळ्या गेनवर (आवाज किती वाढवून घ्यायचा ते बटण) घ्या, नंतर दोन्हींची पातळी सारखी करा आणि मागची खरखर ऐका. ती सारखीच असेल, कारण ती खोलीची आहे. अपवाद एकच: हळू आवाजाचा गायक आणि डायनॅमिक माइक, ज्यातून मुळातच क्षीण आवाज येतो. तिथे प्रीअँपला, म्हणजे माइकचा आवाज वाढवणाऱ्या भागाला, 60 डीबीपर्यंत गेन द्यावा लागतो आणि त्याची स्वतःची फुसफुस खरंच ऐकू येते.

म्हणजे काका चुकले? या एका वाक्यात चुकले. पण ते वाक्य का आलं हे विचारलं की त्याच्या पोटातली खरी गोष्ट हाती लागते. टेपच्या काळातल्या व्हीयू मीटरची, म्हणजे पातळी दाखवणाऱ्या काट्याच्या मीटरची, सुई आळशी असते. आवाजाच्या पातळीला पोचायला तिला 300 मिलिसेकंद लागतात. गाण्याला आणि हार्मोनियमला ते चालतं. खंजिरीला चालत नाही. खंजिरीची थाप काही मिलिसेकंदांत येऊन जाते. सुई अर्ध्यावरच असते तोवर थापेचं शिखर दहा-बारा डीबी वर जाऊन आलेलं असतं. म्हणून ज्यांनी राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या परंपरेतली खंजिरी भजनं टेपवर घेतली आहेत, ते एका हातानं “लेव्हल भर” म्हणत आणि दुसऱ्या हातानं खंजिरीचं चॅनेल खाली ओढून ठेवत. सुई झोपलेली दिसली तरी त्यांना ठाऊक असायचं की टेप भरली. आजच्या मीटरवर शिखरं दिसतात, पण ही जाण नसलेला पोरगा नेमकं उलटं करतो. खंजिरीची शिखरं उणे 10 वर पाहून तो म्हणतो, सरासरी उणे 25 आहे, फार कमी झालं, आणि गेन वाढवतो. पुढच्या जोरकस थापेला चकत्यांचा छणछणाट कापला जातो. ऐकताना तो कापलेला आवाज चटकन ओळखू येत नाही, फक्त खंजिरी पत्र्यासारखी वाजते. मग दोष माइकला.

गाणारा स्वतःच खंजिरी वाजवत असेल तर पेच आणखी वाढतो, आणि इथे परदेशी शिकवण्यांमधलं काहीच नीट लागू पडत नाही. खंजिरी हातात, छातीच्या वर, तोंडापासून जेमतेम फूटभर. दोन माइक लावले तर दोन्हींमध्ये दोन्ही येतं आणि बेरीज पोकळ होते. जुना उपाय असा: फिगर ऑफ एट हा पॅटर्न असलेला, म्हणजे पुढून-मागून ऐकणारा आणि बाजूंनी बहिरा, एकच माइक तोंडासमोर सहा-सात इंचांवर लावा आणि त्याची कड, म्हणजे जिथून त्याला सगळ्यांत कमी ऐकू येतं ती बाजू, खंजिरीच्या दिशेला येईल असा तो तिरका करा. खंजिरी पूर्ण जात नाही, पण तिची धार जाते. मग समोर चार फुटांवर, थोडा खाली, दुसरा माइक खंजिरीसाठी ठेवायचा तर ठेवा. दोन्ही ट्रॅक सुरू करून एकाची पोलॅरिटी उलटी करा (लहरीचं वर ते खाली करणारं बटण) आणि ज्या स्थितीत आवाज जास्त भरीव लागतो तीच ठेवा. आणखी एक खोड लक्षात असू द्या: फिगर ऑफ एट माइकचं तोंड मागच्या बाजूलाही तेवढंच उघडं असतं, म्हणून इथे दुसरी गादी माइकच्या मागे लागते. वर म्हटलं त्याच्या बरोबर उलट. ‘गादी पाठीमागे’ एवढंच पाठ केलेला माणूस इथे फसतो. कारण समजून घेतलेला फसत नाही.

साधन बदललं की जुनी सवय मागे राहते, हे काही आपल्याच पिढीत घडत नाही. 1902 साली कलकत्त्यात ग्रामोफोन कंपनीच्या गायस्बर्गनं गायिका गौहर जान यांचं ध्वनिमुद्रण केलं तेव्हा माइक नव्हताच, शिंग होतं. शिंगात जोरात गावं लागे आणि तानेच्या वेळी थोडं मागे सरावं लागे. 1925 पासून विजेचं ध्वनिमुद्रण आलं आणि ओरडायची गरज संपली. मग शिंगवाल्यांचं ज्ञान कुचकामी झालं का? ओरडणं कुचकामी झालं. कुठे उभं राहायचं, तार सप्तकात किती सरायचं, कोणतं वाद्य पुढे आणि कोणतं मागे बसवायचं, हे सगळं माइकपुढे आणखीच उपयोगी पडलं. आज कंप्रेसर (मोठा आवाज आपोआप दाबणारं साधन) लावून आपण जे करतो, त्यातलं निम्मं तेव्हाचा गायक पाऊलभर मागे सरकून करत होता. ते जास्त चांगलं लागतं, कारण मागे सरल्यावर आवाज लहान होतो आणि सोबत माइकच्या अगदी जवळ गाताना चढणारा खर्जही कमी होतो. कोणता कंप्रेसर हे आपसूक करतो?

दुसरा मुद्दा नावाचा. ज्याच्या खात्यावर गाजलेली कामं आहेत त्याचं का ऐकू नये, त्याची तर बाजारानं परीक्षा घेतलेली आहे, असं म्हणतात. हे अगदीच खोटं नाही. गाजलेलं काम हा पुरावा आहे. पण तो कशाचा पुरावा आहे? मुंबईच्या राजकमल कलामंदिर स्टुडिओतल्या मंगेश देसाईंचं नाव घ्या. सत्यजित राय यांच्यासारख्या दिग्दर्शकाच्या चित्रपटांचं ध्वनिमिश्रण त्यांच्या हातून झालं. चित्रपट ज्यांना तोंडपाठ आहेत त्यांतल्या किती जणांना हे नाव ठाऊक आहे? या कामात हात दिसू न देणं हेच कौशल्य असतं. मुंबईत ही गत, तर नागपूरच्या कॅसेटांचं काय सांगावं. दीक्षाभूमीवर दर वर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिनाला भीमगीतांच्या कॅसेटा आणि नंतर सीडी विकल्या गेल्या. वेष्टनावर गायक असायचा, गीतकार असायचा, संगीतकार असायचा. रेकॉर्डिस्ट अनेकदा नसायचा. ज्याचं नाव छापलंच गेलं नाही त्याला आज ‘तुमच्या नावावर काय आहे’ म्हणून विचारणं हा अन्याय आहे, आणि तो आपण आपल्याच भागातल्या माणसांवर करतो.

शिवाय नाव असणं आणि शिकवता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विष्णू नारायण भातखंडे मैफलीचे गवई नव्हते, पेशानं वकील. घराण्यांच्या उस्तादांचं नाव त्यांच्यापेक्षा कितीतरी मोठं होतं. पण बंदिशी गोळा करून स्वरलिपीत छापायचं काम त्यांनी केलं, आणि आज विद्यार्थी ज्या थाटांच्या चौकटीत राग शिकतात ती त्यांची आहे. तिच्यावर आक्षेप घेता येतात, घेतलेही गेले. ते घेता आले, कारण सगळं कागदावर मांडलेलं होतं. घराण्याच्या पेटीत बंद असलेल्या विद्येवर कोणी कसला आक्षेप घेणार? मोठं नाव सांगतं की हा माणूस करू शकतो. तुम्ही ते कसं करायचं, हे त्यातून कळत नाही. लाखोंच्या खोलीत, उत्तम गायकासोबत, सगळ्यांत महाग माइकवर ज्यानं काम केलं त्याचा सल्ला मानेवाड्यातल्या वरच्या मजल्यावरच्या खोलीत तसाच उतरेल, याची हमी कुठे आहे?

इथून तिसरा मुद्दा निघतो: स्टुडिओत वाढलेल्या माणसाला घरच्या अडचणी काय कळणार? हा प्रश्न मुंबईच्या स्टुडिओतल्या माणसाबद्दल असेल तर रास्त आहे. आपल्याकडच्या जुन्या मंडळींना तो लागत नाही. 1948 पासूनचं नागपूर आकाशवाणी केंद्र सोडलं, तर मुद्दाम बांधलेल्या खोल्या इथे होत्या किती? बाकी सगळं काम भाड्याच्या खोलीत, मंदिराच्या सभामंडपात, झाडीपट्टीच्या रात्रभर चालणाऱ्या नाटकांच्या मंडपात झालेलं. वाईट खोलीत काम कसं काढायचं हेच त्यांचं शिक्षण.

कूलरवरून ते चांगलं कळतं. मे महिन्यात पारा 45 वर असतो, कूलर बंद ठेवून गाणारा टिकत नाही. नवा उपाय म्हणजे कूलर चालू ठेवायचा आणि नंतर सॉफ्टवेअरनं आवाज पुसायचा. कूलरचा आवाज सगळ्या सप्तकांत पसरलेला असतो. तो पुसताना स, श आणि फ यांची धार जाते आणि गाणं पाण्याखालून आल्यासारखं लागतं. गेट (हळू आवाज आपोआप बंद करणारं साधन) लावला तर ओळींमधली शांतता स्वच्छ होते, पण प्रत्येक ओळीबरोबर कूलर पुन्हा आत येतो, आणि ते कानाला आणखी खुपतं. जुने लोक पहाटे पाच ते सात ही वेळ घेतात, किंवा खोली आधी तासभर गार करून कूलर बंद करतात आणि वीस-वीस मिनिटांचे तुकडे करतात. पण तालवाद्य असेल तर तेही पुरत नाही, आणि हे सहसा कोणी सांगत नाही. कूलर दमट हवा फेकतो. त्या हवेत तबल्याचं आणि खंजिरीचं कातडं सैल पडतं. कूलर बंद केला की मेच्या कोरड्या हवेत ते पुन्हा ताणलं जातं आणि सूर चढतो. पहिल्या टेकमधला मुखडा आणि चौथ्या टेकमधला अंतरा जोडायला गेलात तर तबला जुळत नाही, आणि का जुळत नाही हे स्क्रीनवर दिसत नाही. म्हणून तबलजीला कूलरच्या झोतात बसवायचं नाही. कूलर बंद केल्यावर दहा मिनिटं वाद्य तसंच राहू द्यायचं, मग मिळवायचं, आणि दर टेकआधी चाटीचा एक ठोका हार्मोनियमच्या षड्जाशी तपासायचा. कंडेन्सर माइकही (पातळ पडद्याचा नाजूक माइक) दमट झोतात ठेवू नका. त्याच्या पडद्याला ओल धरली की तडतड सुरू होते. वापर झाला की डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा.

विजेचंही तसंच. महाल-इतवारीतल्या जुन्या घरांत अर्थिंग नसणं नवल नाही. लॅपटॉपचा चार्जर लावला की 50 हर्ट्झची आणि तिच्या पटीतली भुणभुण येते. चार्जर काढून बॅटरीवर चालवा. भुणभुण गेली तर माइक निर्दोष. स्वस्त इन्व्हर्टरवर रेकॉर्डिंग करूच नका, त्याची वीज पायऱ्यांच्या लहरीची असते आणि तिची किरकिर कोणत्याही फिल्टरनं नीट जात नाही.

चौथा आक्षेप मला सगळ्यांत अवघड वाटतो. नवशिक्याला सगळं पडताळून पाहता येत नाही. त्याचा कानच अजून तयार नाही, मग कोणावर तरी विश्वास टाकल्याशिवाय तो पुढे कसा जाणार? बरोबर आहे. विश्वास हवाच. पण तो कोणावर टाकायचा हे ठरवायला कान पूर्ण तयार असावा लागत नाही. सांगणारा कारण देतो का, आणि हा सल्ला कुठे लागू पडणार नाही हेही सांगतो का, एवढं बघणं कोणालाही जमतं. आणि तुलना करताना एक काळजी घ्या, जिच्याशिवाय सगळ्या चाचण्या फुकट जातात: दोन्ही नमुन्यांची पातळी सारखी करा, शक्यतो 0.2 डीबीच्या आत. किंचित मोठा आवाज कानाला नेहमी जास्त चांगला वाटतो. आवाज वाढला की आपल्या कानाला खर्ज आणि वरची टोकं जास्त भरलेली लागतात. फ्लेचर आणि मन्सन या अमेरिकी संशोधकांनी हे 1933 सालीच मोजून दाखवलं आहे. प्लग-इन (रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरला जोडायची साधनं) विकणाऱ्यांच्या प्रात्यक्षिकांत ‘लावल्यानंतर’चा नमुना कितीदा एखाद-दीड डीबीनं मोठा असतो, ते मीटर लावून बघा.

आता भक्तांकडे वळतो, कारण नुकसान त्यांच्याकडूनही तेवढंच होतं. “काका म्हणाले, शंभर हर्ट्झच्या खालचं कापून टाक.” काकांनी ते गाणाऱ्याच्या ट्रॅकबद्दल सांगितलेलं असतं, पंख्याची घरघर आणि ‘प’, ‘भ’चे फुत्कार जावेत म्हणून. भक्त तोच कट डग्ग्यावर लावतो, आणि घिस्सा मारल्यावर जो घुमारा छातीत लागतो तो संपूर्ण निघून जातो. “काकांनी हार्मोनियमसोबतच्या गाण्यावर कधी पिच करेक्शन (सॉफ्टवेअरनं सूर सुधारणं) लावलं नाही” हेही असंच वाक्य. मुद्दा न लावण्याचा नाही. जुन्या पेट्या 440 हर्ट्झला, म्हणजे आजच्या प्रमाण सुराला, लावलेल्या असतीलच असं नाही, कोणती 436 ला असते, कोणती 444 ला. पेटीचा संदर्भ न मोजता गाणाऱ्याचा आवाज 440 च्या जाळीवर ओढला की गाणारा पेटीशी बेसूर होतो, आणि मुळात तो सुरात होता. आधी पेटीचा एक सूर मोजा, सॉफ्टवेअरमध्ये तो आकडा भरा. मग लावायचं की नाही ते ठरवा, आणि लावलंच तर मींड सोडून. सल्ल्यातलं कारण गळून पडलं आणि नुसतं वाक्य उरलं, की त्याचा मंत्र होतो. मंत्राला प्रश्न विचारता येत नाहीत. काकांना येतात, आणि ते विचारलेले त्यांना आवडतात.

काकांच्याच बाजूची एक गोष्टही सोडून चालणार नाही. त्यांच्या अबोलपणाचं आपण कौतुक करतो, पण त्याची किंमत मोठी आहे. खंजिरीच्या माइकची जागा, दंडार या विदर्भातल्या लोकनाट्यातल्या ढोलकीसाठी लागणारं अंतर, उघड्या मंडपात वारा असताना काय करायचं, यातलं जवळजवळ काहीच लिहिलेलं नाही. गिटार आणि ड्रम कसे घ्यायचे यावर हवी तेवढी माहिती मिळते. आपल्या वाद्यांचं ज्ञान पाच-दहा माणसांच्या कानात आहे. ‘त्यांना प्रसिद्धी नको असते’ हे म्हणणं आपल्या आळसाला सोयीचं आहे. प्रसिद्धी वेगळी आणि नोंद वेगळी. ते लिहिणार नसतील तर शेजारी बसणाऱ्यानं लिहावं. तक्रार करायचीच तर ही करावी की इतकी वर्षं त्यांच्याकडे जाऊनही कोणाजवळ साधी वही नाही.

वहीत फार काही लागत नाही. खोलीची लांबी, रुंदी, उंची. माइक कोणता, तोंडापासून किती इंचांवर, जमिनीपासून किती फुटांवर, कोणत्या दिशेला वळवलेला. गादी कुठे होती. इंटरफेसचा गेन घड्याळाच्या काट्याप्रमाणे किती वाजता, आणि शिखर कुठवर गेलं. पेटी किती हर्ट्झला. कोणत्या टेकमध्ये काय बिघडलं आणि काकांनी काय हलवलं. त्यांनी ते का हलवलं हे त्याच वेळी विचारून खाली लिहायचं, घरी आल्यावर आठवून नाही. गाणं बाहेर पडेल तेव्हा गायक आणि गीतकाराच्या ओळीखाली रेकॉर्डिस्टचंही पूर्ण नाव टाकायचं, नुसतं ‘काका’ नाही. आणि पानाच्या डोक्यावर तारीख, वेळ, आणि कूलर चालू होता की बंद.